विद्वानाच्या घरातली पत्रांची पेटी हाती आली तर : उघडण्यापासून संस्थेकडे सोपवेपर्यंत

पणजोबा संस्कृतचे पंडित, पालीचे अभ्यासक किंवा इतिहाससंशोधक होते. वाडा पाडायला निघाला, आणि माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली आली. आत १९०० ते १९३० च्या दरम्यानची कार्डं, पाकिटं, मनीऑर्डरींची कुपनं, प्रुफांचे तुकडे. घरातल्या कुणाला मोडी येत नाही. हा लेख अशा वेळी काय करायचं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय करायचं नाही, ते सांगण्यासाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. बहुतेक घरांत पहिल्याच दिवशी दोन ढीग पडतात : ‘महत्त्वाची’ म्हणजे विद्वानांची पत्रं, आणि ‘घरगुती’. दुसरा ढीग बंबात जातो किंवा रद्दीत. असं करू नका. त्या काळच्या कार्डावर वरच्या अर्ध्या भागात पाठभेदाची चर्चा असते, खालच्या अर्ध्यात मुलीच्या स्थळाची, आणि कडेला आडवं लिहिलेलं ‘वहिनींचा ताप उतरला का’. एखादा ग्रंथ चार वर्षं का रखडला याचं उत्तर पुष्कळदा बायकोच्या किंवा धाकट्या भावाच्या पत्रात सापडतं; संपादकाच्या पत्रात फक्त ‘प्रकृतीमुळे उशीर झाला’ एवढंच असतं.

लागणारं सामान

- मऊ ब्रश (रंगकामाचा, न वापरलेला, दीड-दोन इंची)
- २बी किंवा त्याहून मऊ शिसपेन्सिल आणि खोडरबर. पेन खोलीतही आणू नका
- आम्लमुक्त कागदाची फोल्डरं आणि पुठ्ठ्याच्या पेट्या
- टाचण्या सोडवायला प्लॅस्टिकची किंवा हाडाची पातळ पट्टी
- धुळीसाठी मास्क, भिंग, चांगला टेबल-लँप
- जुनं पंचांग किंवा शके-इसवी तारखांची जंत्री
- दोन वह्या : एक यादीची, एक माणसांची. संगणक वापरत असाल तर दोन तक्ते
- कॅमेरा किंवा बरा मोबाइल, आणि तो स्थिर ठेवायला स्टँड

हातमोज्यांचा आग्रह धरू नका. सुती मोजे घातले की बोटांना कागदाची जाणीव राहत नाही आणि ठिसूळ कडा तुटतात. स्वच्छ धुतलेले, कोरडे हात पुरेत.

१. आहे त्या स्थितीत फोटो काढा

ट्रंक उघडल्यावर हात घालण्याआधी वरून फोटो घ्या. मग प्रत्येक गठ्ठा उचलताना एक. दोरा कसा बांधला होता, गठ्ठ्याभोवतीच्या वर्तमानपत्रावर कोणती तारीख होती, वरच्या चिठ्ठीवर काय लिहिलं होतं, हे सगळं टिपून ठेवा. पत्रांचा मालक ज्या क्रमाने पत्रं ठेवून गेला, तो क्रम हा स्वतंत्र पुरावा आहे. एका गठ्ठ्यात छापखान्याची बिलं आणि जावयाची पत्रं एकत्र असतील, तर जावईच प्रुफं पाहत असण्याची शक्यता आहे. तारखेनुसार लावण्याच्या उत्साहात गठ्ठे मोडले की ही शक्यता कायमची नाहीशी होते. तारखेचा क्रम यादीत लावता येतो, त्यासाठी कागद हलवावे लागत नाहीत.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढा. कोकणात आणि गोव्यात तर पावसाळ्यात ट्रंक उघडूच नका. दमट हवेत कागद बुरशी धरतो आणि चिकटलेली पानं सोडवताना अक्षरं दुसऱ्या पानावर जातात.

२. साफसफाई : जितकी कमी तितकी बरी

धूळ ब्रशने मध्यातून कडेकडे झटका. गंजलेली टाचणी ओढून काढू नका. तिच्या खाली पट्टी सरकवा, कागद आधाराला धरा, मग टाचणी उचला. घड्या उघडून पत्र सपाट ठेवा; मात्र घडीवर कागद तुटायला आला असेल तर उघडण्याचा हट्ट नको, ते काम कागद-संवर्धकाचं.

पाणी, ओला बोळा, वाफ, इस्त्री यांतलं काहीही वापरू नका. त्या काळात तीन-चार तऱ्हेची शाई चालायची. काजळीची जुनी शाई उजेडाला टिकते, पण पाण्याने पसरते. लोहयुक्त निळी-काळी शाई हळूहळू तपकिरी होते आणि कागद खाते. जाड अक्षरांच्या जागी भोकं दिसली तर ती कसरीची नाहीत, शाईची आहेत. पुड्यांपासून केलेली जांभळी शाई पाण्याचा थेंब पडताच वाहते. कॉपिंग पेन्सिलचं लिखाण करड्या रंगाचं, साध्या शिसपेन्सिलीसारखं दिसतं आणि ओलावा लागला की गडद जांभळं होऊन पसरतं.

सेलोटेप आणि लॅमिनेशन ही दोन पापं वाळवीपेक्षा वाईट. वाळवी लागलेल्या कागदाचं उरलेलं तरी वाचता येतं. डांबराच्या गोळ्या कागदाला टेकवू नका, कडुनिंबाचा पाला पानांत घालू नका. पाल्याचे डाग पडतात. जिवंत कीड दिसली तर तो गठ्ठा जाड प्लॅस्टिक पिशवीत हवाबंद करून घरच्या डीप-फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर आत दव धरतं.

आता एक खास आपल्याकडची खूण. कार्डाचा एक कोपरा फाडलेला आढळला, आणि बाकी कार्ड धडधाकट असेल, तर ती मोडतोड समजू नका. मृत्यूची बातमी कळवणाऱ्या पत्राचा कोपरा मुद्दाम फाडण्याची रीत होती. अशा पत्रावर माथ्याचं ‘श्री’ बहुधा नसतं. ही पत्रं वाचून लगेच नष्ट करत, घरात ठेवत नसत. म्हणून पेटीत टिकून राहिलेलं असं एखादं कार्ड दुर्मीळ समजा. कोपरा चिकटवू नका, जुळणारा कागद लावू नका. यादीत ‘कोपरा फाडलेला, मृत्युवार्ता’ अशी नोंद करा. उलट टोकाला, कुंकवाचे किंवा हळदीचे डाग असलेली पत्रं मंगलकार्याची. तेही डाग पुसायचे नाहीत.

३. क्रमांक द्या

प्रत्येक पत्राच्या मागे, खालच्या डाव्या कोपऱ्यात, पेन्सिलीने हलक्या हाताने : गठ्ठा क्रमांक, तिरकी रेघ, पत्र क्रमांक. म्हणजे ३/४७. पाकिटाला पत्राचाच क्रमांक आणि पुढे ‘अ’. पाकीट पत्रापासून वेगळं करून ‘तिकिटं जमवणाऱ्या’ नातवाला देण्याची चूक पुष्कळ घरांत झालेली असते; तिकीट कापलेलं पाकीट मिळालं तरी ते ठेवा, मागच्या बाजूला पोचल्याचा शिक्का असतो.

एका फोल्डरमध्ये वीस-पंचवीस पत्रांहून जास्त नको.

४. यादीचे रकाने

क्रमांक, पत्रावरची तारीख जशी आहे तशी, ठरवलेली इसवी तारीख, तारीख कशावरून ठरवली, लिहिणारा, ज्याला लिहिलं तो, कुठून, कुठे, भाषा, लिपी, कागदाचा प्रकार (कार्ड, पाकीट, बुकपोस्ट, तार, कुपन), पानं, दोन ओळींत मजकूर, पत्रात आलेली नावं, अवस्था. ‘विषय’ असा रकाना करून त्यात ‘कौटुंबिक’ किंवा ‘व्यावसायिक’ लिहू नका. ठेवायचाच असेल तर एका पत्राला दोन्ही विषय लावण्याची सोय ठेवा.

५. तारीख ठरवणं

खरा वेळ जातो तो इथे, आणि चुकाही इथेच सर्वांत जास्त होतात.

शके अधिक ७८ म्हणजे इसवी सन, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण शक पाडव्याला बदलतो, इसवी सन १ जानेवारीला. म्हणून जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या पत्रांना ७९ मिळवावे लागतात. उदाहरण घ्या : ‘शके १८३८ मार्गशीर्ष शुद्ध ५’ हा १९१६ चा नोव्हेंबर-अखेर. ‘शके १८३८ पौष वद्य’ मात्र जानेवारी १९१७. दोन्ही पत्रं १९१६ मध्ये टाकली तर दुसरं पत्र जवळजवळ एक वर्ष मागे जातं आणि सगळा पत्रव्यवहार उलटासुलटा होतो.

आकडा पुसट असेल तर संवत्सराचं नाव बघा. शके १८३८ चं संवत्सर नल. नावं साठ वर्षांनी परत येतात, त्यामुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या पेटीत गोंधळ होत नाही. मात्र पत्र उत्तर हिंदुस्थानातून आलं असेल तर हा आधार सोडा, तिकडची संवत्सरगणना वेगळी चालते.

काशीच्या शास्त्र्यांची पत्रं पंडितांच्या पेटीत हमखास सापडतात. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. शुद्ध पक्षाला फरक पडत नाही. वद्य पक्षाला तिकडे पुढच्या महिन्याचं नाव असतं. वरचा आपला पौष वद्य पक्ष काशीच्या पत्रात ‘माघ कृष्ण’ म्हणून येईल, आणि साल विक्रम संवत १९७३ असेल. गुजरातेतून आलेल्या पत्रात विक्रम संवत दिवाळीनंतर बदलतो, त्यामुळे चैत्र ते आश्विन या काळात तो काशीच्या संवतापेक्षा एकाने कमी दिसतो. आणखी एक गुंता : टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत काही वर्षी अधिक मास इतरांपेक्षा वेगळा येतो. पत्रावरची तिथी आणि टपालाचा शिक्का यांत बरोबर महिन्याचं अंतर दिसलं, तर लिहिणाऱ्याने चूक केली असं ठरवण्याआधी हे तपासा.

तारीखच नसेल, नुसतं ‘गुरुवार रात्र’ असेल, तर टपालाच्या खुणांकडे वळा. कार्डावर बहुधा दोन शिक्के असतात, निघाल्याचा आणि पोचल्याचा. तिरपा उजेड टाकून भिंगातून बघितलं तर अर्धवट शिक्क्यातूनही दिवस आणि महिना निघतो, आणि वार जुळवून साल पक्कं करता येतं. शिक्का गेला असेल तर दर बघा. पोस्टकार्ड १९२२ पर्यंत पाव आण्याचं, म्हणजे एका पैशाचं होतं. त्या वर्षी ते अर्ध्या आण्याचं झालं आणि साधं पाकीट अर्ध्या आण्यावरून एक आण्यावर गेलं. १९३१ च्या अखेरीस कार्ड नऊ पैंचं (म्हणजे पाऊण आण्याचं) आणि पाकीट सव्वा आण्याचं. तिकिटावर सातवे एडवर्ड असतील तर पत्र १९०२ च्या आधीचं नाही. पाचवे जॉर्ज असतील तर १९११ च्या आधीचं नाही. तिकिटावरून ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच ठरतं. जुनी तिकिटं घरात पडून असत आणि पुढे वापरली जात.

गोव्यातली पत्रं पोर्तुगीज टपालाची. तिथले पैसे रेईश, टांगा आणि रुपयांत : बारा रेईशांचा टांगा, सोळा टांग्यांचा रुपया. जुन्या तिकिटावर ‘रेपुब्लिका’ असा ठसा मारलेला असेल तर पत्र १९१० च्या राज्यक्रांतीनंतरचं.

परदेशी पत्रांत दोन खाचखळगे. अमेरिकन प्राध्यापक महिना आधी लिहितात, दिवस नंतर. ‘४/७/११’ म्हणजे त्यांच्याकडे ७ एप्रिल १९११. पालीचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी १९१० साली ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी अमेरिकेत हार्वर्डला गेले. अशा अभ्यासकांच्या पत्रव्यवहारात एकाच आठवड्यातली दोन पत्रं दोन पद्धतींच्या तारखांनी समोर येतात. दुसरं म्हणजे बोटीचा वेळ. मुंबईहून लंडनला टपाल जायला दोन-तीन आठवडे लागत, अमेरिकेला त्याहून जास्त, आणि महायुद्धात तर भरवसाच नसे. म्हणून पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडतात. ‘आपल्या पत्राचं उत्तर’ म्हणजे लगेच आधीचं पत्र नव्हे, त्याच्याही आधीचं असू शकतं. लंडन-कराची विमानटपाल १९२९ साली सुरू झालं. त्याआधी हा अंदाज कायम ठेवा. १९१४ ते १९१८ मधल्या परदेशी पाकिटावर सेन्सॉरची पट्टी किंवा शिक्का असला तर तोही पुरावाच.

मजकुरातल्या घटना शेवटी बघा. मानमोडीच्या तापाने घरातली चार माणसं आडवी झाली असं लिहिलेलं असेल तर ती १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. पुण्यात भरलेल्या पहिल्या प्राच्यविद्या परिषदेची लगबग असेल तर १९१९. प्लेगाच्या उल्लेखावर मात्र विसंबू नका. पुण्यात तो १८९६-९७ नंतर पुनःपुन्हा आला आणि माणसं दरवेळी गाव सोडून झोपड्यांत राहायला गेली.

ठरवलेली तारीख चौकटी कंसात लिहा आणि कशावरून ठरवली ते शेजारी लिहा. दहा वर्षांनी दुसरा कुणी तपासेल तेव्हा तुमचा तर्क त्याला दिसला पाहिजे.

६. वाचन

घरची पत्रं बरीचशी मोडीत, विद्वानांची बाळबोधात (म्हणजे देवनागरीत) किंवा इंग्रजीत, असा साधारण प्रकार असतो. मोडीत एकच वेलांटी, एकच उकार. शब्द तोडलेले नसतात. आधी सबंध ओळीची रेघ आखून तिला अक्षरं लोंबकळवलेली असतात. मोडी येत नसेल तर शिका. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि राज्याचं पुराभिलेख खातं वर्ग घेत आलेलं आहे. पण पेशवाई कागदांवर हात बसला म्हणून १९१५ चं टाकाने घाईत लिहिलेलं कार्ड लगेच वाचता येईल असं समजू नका. एका माणसाची दहा-बारा पत्रं सलग घेऊन बसा. मायना आणि समारोप ठरलेले असल्यामुळे त्यांवरून त्याच्या अक्षराची वळणं कळतात.

नेहमीचे संक्षेप : ती. (तीर्थरूप), रा. रा. (राजमान्य राजेश्री), वे. शा. सं. (वेदशास्त्रसंपन्न), गं. भा. (गंगाभागीरथी, म्हणजे विधवा स्त्री), सा. न. वि. वि. (साष्टांग नमस्कार विनंती विशेष), अ. आ. (अनेक आशीर्वाद), ता. क. (ताजा कलम). मायना नुसता शिष्टाचार म्हणून ओलांडून जाऊ नका. काल ‘सौ.’ असलेली काकू आजच्या पत्रात ‘गं. भा.’ झाली, की मधल्या काळात काका गेले. कोपरा फाडलेलं कार्ड नष्ट झालं असलं तरी मायना ती बातमी सांगतो.

पैशांच्या खुणा शिकून घ्या. रुपयांच्या आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे चार आणे, दोन म्हणजे आठ, तीन म्हणजे बारा. आडवी रेघ एक आण्याची. ‘३।=’ म्हणजे तीन रुपये सहा आणे. छपाईच्या हिशेबात हे दंड विरामचिन्ह समजून टाकले, तर ग्रंथाचा खर्च चुकतो.

नक्कल करताना शुद्धलेखन सुधारू नका. न लागलेल्या अक्षरांच्या जागी तीन फुल्या, अंदाजाने लावलेल्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह. कार्डाच्या कडांवर गोल फिरत गेलेला मजकूर कोणत्या क्रमाने वाचला तेही लिहा.

७. माणसांची वही

नाना, तात्या, आबा, अण्णा. एका पेटीत चार अण्णा सहज निघतात. दर व्यक्तीला एक पान : पूर्ण नाव, पत्रांत येणारी सर्व हाका-नावं, नातं, गाव, कोणत्या पत्रांत उल्लेख. स्त्रियांना माहेरचं आणि सासरचं दोन्ही नावं एकाच पानावर, नाहीतर लग्नाआधीची ‘चि. ठकी’ आणि नंतरची ‘सौ. सरस्वती’ या दोन बाया होऊन बसतात. ज्याचा पत्ता लागत नाही त्याला ‘अण्णा–३’ असा तात्पुरता क्रमांक द्या. नावाचा अंदाज ठोकून देऊ नका. घरातल्या वयस्कर आत्या-मावशांना आधी विचारा, संस्थांना नंतर. संस्था वाट बघू शकतात.

विद्वानांच्या बाबतीत नेहमी फसवणारं नाव म्हणजे ‘भांडारकर’. ते रामकृष्ण गोपाळ असतील, त्यांचे पुत्र देवदत्त असतील, किंवा १९१७ नंतरच्या पत्रात ‘भांडारकरात गेलो होतो’ असेल तर संस्था. ‘सर’ लावलं असेल तर रामकृष्णपंत, आणि पत्र १९११ नंतरचं. तसंच ‘मंडळ’ : पुण्याच्या पत्रात १९१० नंतर बहुधा भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याच्या पत्रात १९२७ नंतर राजवाडे संशोधन मंडळ असण्याचा संभव जास्त.

८. अर्धा पत्रव्यवहार दुसरीकडे आहे

पेटीत आलेली पत्रं असतात; गेलेली पत्रं ज्यांना गेली त्यांच्याकडे. ट्रंकेत पातळ, जवळजवळ पारदर्शक पानांची बांधीव वही सापडली तर ती जपा, ती पाठवलेल्या पत्रांच्या ठशांची वही असू शकते. अक्षरं उलटी दिसली तर पान मागून वाचा. आलेल्या पत्राच्या माथ्यावर ‘उत्तर दिले’ आणि तारीख असेल तर ती यादीत घ्या. त्यावरून हरवलेल्या पत्रांची यादी आपोआप तयार होते.

बाकी शोध समोरच्या माणसाच्या कागदांत. हार्वर्डच्या अभिलेखागारात तिथले संस्कृतचे प्राध्यापक लानमन यांची कागदपत्रं आहेत, ग्रियर्सन यांच्या हिंदुस्थानातल्या भाषांच्या सर्वेक्षणाचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. ईमेल करताना ‘आमच्या पणजोबांची काही पत्रं आहेत का’ असं मोघम विचारू नका. नावाची त्या काळची रोमन स्पेलिंगं (एकापेक्षा जास्त असतात), वर्षं आणि गाव कळवा.

९. फोटो

पत्र, पाठ, पाकीट, पाकिटाची पाठ. कोरी पाठसुद्धा. शेजारी मोजपट्टी, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड, फ्लॅश बंद. स्कॅनर असेल तर ४०० डीपीआय, पुसट शिक्क्यांना ६००. मूळ फाइल टिफमध्ये, वापरायची जेपेगमध्ये, फाइलचं नाव म्हणजे पत्राचा क्रमांक. तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या घरात.

१०. कायदा आणि सोपवणं

कागद तुमचा, मजकूर लिहिणाऱ्याचा. पत्राचा प्रताधिकार पत्र लिहिणाऱ्याकडे आणि त्याच्या वारसांकडे राहतो. ते मिळालेल्या माणसाकडे जात नाही. लेखकाच्या हयातीत न छापलेल्या मजकुराला सध्याच्या कायद्यात पहिल्या प्रकाशनापासून साठ वर्षांचं संरक्षण आहे, त्यामुळे ‘शंभर वर्षं झाली, आता काय’ हे उत्तर पुरेसं नाही. लोकांना खुल्या असलेल्या ग्रंथालयात किंवा संग्रहालयात ठेवलेलं अप्रकाशित लिखाण, लेखकाच्या मृत्यूला साठ वर्षं उलटली असतील तर, संशोधनासाठी किंवा प्रकाशनाच्या हेतूने उतरवून घेण्याची सवलत कायद्यात आहे. कागद संस्थेत ठेवण्याचा हा एक व्यावहारिक फायदा.

परदेशी राहणाऱ्या भावंडांनी ‘मूळ पत्रं मी घेऊन जातो’ म्हटलं तर थांबवा. पंच्याहत्तर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाची कागदपत्रं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात आणि ती खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत. स्कॅन न्या.

संस्था निवडताना नाव बघू नका, कपाट बघा. प्रत्यक्ष जा, याआधी दान आलेले कागद दाखवा म्हणा. त्यांची सूची झाली आहे का, वाचायला किती दिवसांत मिळतात, हे विचारा. सोपवताना जवळ हवं ते असं :

- सर्व वारसांचं लेखी संमतिपत्र
- क्रमांकवार यादी दोन प्रतींत, एकीवर संस्थेची सही-शिक्क्यासह पोच
- देणगीपत्र : संग्रह एकत्र ठेवण्याची अट, संग्रहाचं नाव, प्रती काढण्याचे नियम
- स्कॅनची एक प्रत

कर्ज, आजार, भाऊबंदकी, विधवा बहिणीचे हाल अशी पत्रं निघतातच, आणि ‘ही तेवढी काढून टाकू’ असं कुणीतरी म्हणतंच. काढू नका. बंद पाकिटात घालून, वर क्रमांक लिहून, अमुक सालापर्यंत उघडू नये अशी अट देणगीपत्रात घाला. यादीत त्या क्रमांकापुढे ‘निर्बंधित’ एवढं लिहा, म्हणजे क्रम तुटलेला दिसत नाही.